आधी टोकाला टोक

वर्ध्याजवळच्या नालवाडीतल्या माझ्या घरमालक काकांचा मीटरवर विश्वास होता, माणसांवरही बऱ्यापैकी होता. संशय असायचा तो मधल्या वायरीचा. मीटर म्हणजे विजेची मोजमापं करायचा, हातात मावणारा पिवळा डबा. त्याला एक लाल आणि एक काळी अशा दोन वायरी असतात आणि त्यांच्या टोकांना सुया. मोजणं चुकलं की लोक मीटरला शिव्या घालतात, पण मीटर बिचारा वायर सांगेल तेच दाखवणार, असं काकांचं म्हणणं. म्हणून काहीही मोजण्याआधी ते लाल सुई काळ्या सुईला टेकवायचे. टोकाला टोक लागलं आणि वायर धड असली की मीटरवर शून्य येतं. ते आलं की काका मान हलवून मोठ्यानं म्हणायचे, "शून्य." मगच पुढचं काम. शून्य आलं नाही, आकडा नाचायला लागला, तर वायर आतून कुठंतरी तुटलेली आहे असं समजायचं, आणि त्या दिवशी घरात कुणी काकांच्या वाटेला जायचं नाही.

हे त्यांच्या कामाच्या टेबलापुरतं असतं तर मी लिहायला बसले नसते. पण काका माणसांनाही टोकाला टोक लावून बघायचे. कुणाकडून काही खरं जाणून घ्यायचं असेल, तर आधी त्याला असं काहीतरी विचारायचे की ज्याचं उत्तर त्यांना स्वतःला पक्कं माहीत आहे. उत्तर बरोबर आलं की "शून्य", आणि त्यानंतर खरा प्रश्न. याच सवयीपायी एकदा त्यांचं नालवाडीचं घर, ते टेबल आणि टेबलावरचा संसार सुटायची वेळ आली होती.

मी मूळची वडनेरची. वर्ध्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायची नोकरी लागली आणि मी खोली शोधत नालवाडीत आले. मे महिना होता. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, तोंड लाल झालेलं, अशी मी त्यांच्या फाटकात उभी. गळ्यात दोन वायरी लटकवलेला एक उंच म्हातारा दार उघडून बाहेर आला. मला वरपासून खालपर्यंत बघून त्यानं विचारलं, "बाहेर ऊन हाय का?" मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, "शून्य." आणि लगेच, "एकटीच राहणार का?" मी परत निघाले होते. तेवढ्यात आतून काकू आल्या, मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मनावर नको घेऊ व. हे समद्याईलेच असं करतात."

काका तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण म्हणाल तर काही नाही. नुसती आवड. काकू सरकारी दवाखान्यातल्या नर्स होत्या, गावोगावच्या बायकांची बाळंतपणं करत त्यांनी नोकरी काढली. माणसांना तपासायची ती सवय टेबलावरून आली की कचेरीतून, यावर नवरा-बायकोत एकमत नव्हतं. काका म्हणायचे, मीटरनं शिकवलं. काकू म्हणायच्या, हे पहिल्यापासून असेच. लग्न ठरवायला आले तेव्हा काकूंच्या वडिलांना यांनी काय विचारलं, तर हे घर तुमचंच का?

आजूबाजूच्यांना आता सवय झाली होती. दूधवाल्याला ते रोज त्याच्या गावाचं नाव विचारायचे, मग दुधात पाणी आहे का ते. शेवटी शेवटी तो फाटकातूनच ओरडून सांगायचा की गाव कालचंच आहे आणि पाणीही नाही. पण नवख्या माणसाची पंचाईत व्हायची. काकूंच्या भाचीला बघायला पाहुणे आले, मुलगा समोर बसला. काकांनी त्याला त्याच्या शेजारच्या गृहस्थाकडे बोट दाखवून विचारलं, हे कोण? मुलगा म्हणाला, माझे वडील. काका म्हणाले, "शून्य." त्या वडिलांचा चेहरा मी विसरणार नाही. काकूंनी घाईघाईनं पोह्यांच्या बश्या आणल्या, त्यांच्यावर तिखट रश्श्याची तर्री जरा जास्तच ओतली आणि विषय पोटाकडे वळवला. भाचीचं लग्न तिथंच झालं, पण व्याही अजूनही काकांशी बोलताना अंग चोरून बोलतात.

त्यांच्या गळ्यातल्या त्या वायरींबद्दल सांगायला हवं. काकांनी त्या नागपुरात सीताबर्डीवर मिळवल्या होत्या, एक दुकान बंद होत होतं तेव्हा. वर रबरासारखं मऊ आवरण, हातात धरली की भिजल्या दोरीसारखी खाली लोंबणारी. आत तांब्याच्या केसासारख्या बारीक तारा, पण भरपूर. काम नसलं की त्या वायरी खिळ्यावर टांगायच्या, आणि काम असलं की गळ्यात. काकू म्हणायच्या, आमच्या डॉक्टरांनी एवढा मान गळ्यातल्या नळीलेही दिला नाही. वायर गुंडाळलेली काकांना खपत नसे, गुंडाळली की आतल्या तारा मोडतात म्हणून. मी एकदा सरळ मनानं, टेबल आवरावं म्हणून, त्या मीटरभोवती छान गुंडाळून ठेवल्या. पुढचे कितीतरी दिवस ते माझ्याशी काकूंमार्फत बोलत होते.

एकच चांगली जोडी, आणि ती झिजत चाललेली. त्यामुळे दुसरी तशीच मिळवायची हा त्यांचा ध्यास होता. वर्ध्यात मेन रोडवर एक दुकान होतं, टीव्हीच्या आणि मिक्सरच्या पार्टांचं. काकूंच्या जुन्या पांढऱ्या ड्युटीच्या साडीची पिशवी शिवलेली असे, तिच्यात मीटर, लोहचुंबक, ब्लेड आणि झाळ द्यायची, म्हणजे सोल्डरिंगची, छोटी इस्त्री घेऊन काका जायचे. शेठनं त्यांच्यासाठी वेगळं स्टूल ठेवलं होतं, गिऱ्हाइकांच्या वाटेतून बाजूला. काउंटरवर नवी वायर आली की काका आधी चुंबक लावायचे. चिकटली तर आत लोखंड, वरून नुसता तांब्याचा रंग. नाही चिकटली तर टोकाला टोक लावून, सुईजवळ मानेपाशी वायर इकडून तिकडून वाकवून बघायचे, आकडा हलतो का. एवढ्यातून निभावली तर गरम इस्त्री आवरणाला टेकवायची. साधं प्लॅस्टिक असलं तर धूर निघायचा आणि दुकानभर वास सुटायचा. शेठ हात जोडून म्हणायचे की घेऊ नका पण जाळू नका. दुसऱ्या महिन्यात तेच शेठ नवा माल आला की घरी निरोप धाडायचे. मला वाटतं त्यांनाही आपण काय विकतो ते कळून घ्यायची उत्सुकता लागली होती.

एकदा काका तिथून एक मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा पार्ट, घेऊन आले. करंगळीएवढा लांब, निळा, वर ठसठशीत आकडे. मीटर त्याची ताकद लिहिलेल्याहून फारच कमी दाखवत होता. आधी अर्थातच वायरी तपासल्या, शून्य आलं, म्हणजे दोष कपॅसिटरचाच. त्यांनी ब्लेडनं त्याचं पत्र्याचं कवच चिरलं. आत दुसरा कपॅसिटर निघाला. अगदी छोटा, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, कागदात गुंडाळून आत बसवलेला. आम्ही तिघं टेबलाभोवती वाकून त्याच्याकडे बघत होतो. काकू चष्मा सरसावून म्हणाल्या, "मी जिंदगीभर बाळंतपणं केली. यायनं आज पहिलं केलं." काकांना हसू आवरेना. तो छोटा कपॅसिटर त्यांनी तपासला, तर त्याच्या मानानं तो अगदी ठणठणीत होता. मग तो फेकवेना, म्हणून तो वेगळ्या डबीत ठेवला.

एवढं तपासून काका बनवायचे काय? खरं सांगायचं तर काही नाही. मी राहायला आले तेव्हा ते एक रेडिओ बनवत होते आणि मी गेले तेव्हाही बनवत होते. प्रत्येक पार्ट तावून सुलाखून घेतलेला. त्या रेडिओला नागपूर केंद्र कधी लागलं नाही. शेजारणीनं चटणी वाटायला घेतली की तिच्या मिक्सरचा आवाज मात्र तो इतका स्वच्छ पकडायचा की काकू म्हणायच्या, आज तिच्याकडे खोबरं घातलंय.

त्यांच्या संगतीनं मलाही खूळ लागलं. आमची वरची टाकी भरून वाहायची, तर ती भरली की वाजणारा भोंगा मी बनवायला घेतला. मराठीची बाई, पण काकांनी हात धरून झाळ देणं शिकवलं. संध्याकाळी मी जोडून चालू केला आणि तो पहिल्या झटक्यात वाजला. मी आनंदानं जवळजवळ नाचले. काका मात्र त्यातल्या एका बारीक पार्टाकडे, रेझिस्टरकडे बघत होते. तो तपासून लावला होता का? मी म्हटलं, घाईत राहिला. त्यांनी मला तो काढायला लावला, टोकाला टोक, शून्य, तपासला, उत्तम निघाला, पुन्हा लावला. या काढघालीत शेजारचा ट्रान्झिस्टर नावाचा नाजूक पार्ट तापून गेला आणि भोंगा बंद पडला तो कायमचा. पण तो रेझिस्टर चांगला होता हे आता आम्हाला पक्कं माहीत होतं, आणि काका त्या रात्री समाधानानं जेवले.

त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत होता. एकुलता एक. चांगला मुलगा, बापावर जीव असलेला. त्यानंच ऑनलाइन मागवून एक वायरींची जोडी पाठवली होती, बोटाएवढी जाड, वर हजार व्होल्ट वगैरे छापलेलं. काकांनी ब्लेडनं सोलली तर आत मोजक्या तारा, बाकी सगळं प्लॅस्टिक. तरी मुलाच्या मायेची किंमत म्हणून त्यांनी आभाराचा फोन केला. फोन सुनेनं उचलला. काकांनी तिला विचारलं, तुझं नाव काय? तिनं सांगितलं. "शून्य. वायरी मिळाल्या म्हणून सांगजो त्याले."

सुनेचं माहेर सोलापूरकडचं, तिला या घराच्या रीतीची काय कल्पना. प्रत्येक फोनला सासरे तिचं नाव विचारायचे. मग नातवाला त्याचं नाव. मग एकदा मुलालाच विचारलं की तू सध्या कुठे राहतोस. लहानपणी हे सगळं त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं, पण घर सोडून इतकी वर्षं झाली होती, आणि त्याच्या ऑफिसातल्या एकाचे वडील नुकतेच माणसं विसरायला लागले होते. त्याच्या मनात किडा शिरला तो निघेना. दिवाळीत तो एकटाच आला, तो आई-बापांना घेऊन जायचं ठरवूनच.

गॅलरीत बसून तो बोलत होता. मलाही काकूंनी बसवून घेतलं होतं, पाठबळ म्हणून. तो म्हणाला, बाबा, तुम्हाला विसरायला होतंय, ते वाढत जातं. आई एकटी काय काय बघणार. घर भाड्यानं देऊ, पुण्यात दोन खोल्या आहेत, एक तुमची. काकूंनी टेबलाचं विचारलं तेव्हा तो जरा अडखळला. लहान मूल घरात, तापलेली इस्त्री, धूर; टेबल काही तिथं बसणार नाही. काका गळ्यातल्या वायरींशी खेळत ऐकत होते. तो थांबला तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं,

"तुह्या आईचा कोणता गुडघा दुखते?"

"उजवा," मुलगा म्हणाला.

काकू खुर्चीत बसल्या होत्या, डाव्या गुडघ्यावर तेलाचा हात ठेवून. त्यांनी तो हळूच काढून घेतला. काकांनी "शून्य" म्हटलं नाही. गळ्यातल्या वायरी काढल्या, उठून खिळ्याला टांगल्या.

"वायर तुटली हाय कुठंतरी," ते म्हणाले. "आता तू जे मोजून राह्यला, ते मी खरं कसं मानू?"

मुलाचा चेहरा पाहवेना. तो काही वादात हरला म्हणून खजील झाला नव्हता. आईचा गुडघा आपल्याला ठाऊक नाही, हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं. मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि काकांचा थोडा रागही आला. इतकी अचूक सुई इतक्या मऊ जागी टोचायचं कारण नव्हतं. काकू मात्र उठल्या आणि लेकाला म्हणाल्या, चाल, चिवडा खाय.

सकाळी त्यानं दुसरा मार्ग काढला. मग तिसऱ्यानंच मोजू द्या, म्हणाला, सेवाग्रामला डॉक्टर आहेत. ही गोष्ट काकांना पटली. तिसऱ्याचा मीटर असला तर दोघांच्याही वायरींचा प्रश्न येत नाही. आम्ही चौघं ऑटोनं गेलो. डॉक्टर तरुण होत्या, हसऱ्या. त्यांनी विचारलं, आज वार कोणता? काकांनी सांगितला आणि त्यांच्याकडे बघत राहिले. महिना कोणता? सांगितला, पुन्हा बघत राहिले. आपण कोणत्या जिल्ह्यात आहोत? काकांचा चेहरा खुलत चालला होता. मी ओळखलं, त्यांना जन्मात पहिल्यांदा आपल्या जातकुळीचं माणूस भेटलं होतं. डॉक्टरांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात सात कमी करत जायला लावलं. कारकुनीत आयुष्य गेलेला माणूस, त्यानं ते भराभर केलं. मग काका पुढे झुकून अदबीनं म्हणाले, "मॅडम, वायर चांगली हाय. आता खरा प्रश्न विचारा."

डॉक्टरांना कळेना. मुलानं आणि मी मिळून त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्या मनापासून हसल्या. मग म्हणाल्या, "काका, हेच खरे प्रश्न आहेत."

परत येताना ऑटोत काका बाहेर बघत होते. नालवाडी आल्यावर एवढंच म्हणाले की एवढी तपासणी केली, अन् मोजलं काहीच नाई.

डॉक्टरांचं म्हणणं होतं की वयाच्या मानानं सध्या सगळं ठीक आहे. पण जाताना त्यांनी मुलाला बाजूला घेऊन एक अडचण सांगितली होती. इतर घरांत माणूस माहीत असलेलंच पुन्हा विचारायला लागतो तेव्हा घरच्यांच्या लक्षात येतं. तुमच्याकडे तर ते आयुष्यभर तसंच विचारत आलेत. उद्या खरंच विसरायला लागले तर तुम्हाला कळणार कसं?

घरी हा प्रश्न मुलानं आईपुढे ठेवला. काकू भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "प्रश्नावरून नाई समजणार. शून्यावरून समजन. ज्या दिवशी हे विचारतीन अन् वरतून शून्य नाई म्हणतीन, त्या दिवशी मीच घेऊन येईन पुण्याले."

यावर तह झाला. मुलगा एकटाच परतला. फाटकाशी मला म्हणाला, ताई, आई लपवन, तुमी मले खरं सांगजा. मी कबूल केलं.

त्यानंतर घरात एक गंमत सुरू झाली. काकांनी कुणाला काही विचारलं की काकूंचा हात जागच्या जागी थांबायचा, शून्य ऐकू येईपर्यंत. काकांच्या हे लक्षात आलंच. मग ते मुद्दाम लांबवायला लागले. बुद्धपौर्णिमेची खीर घेऊन मी खाली आले होते, त्यांनी मला विचारलं, तू कोणत्या गावची? मी म्हटलं, वडनेर. आणि काका छताकडे बघत बसले. काकू पळी हातात धरून दारात उभ्या. खिरीचा पूर्ण एक घास सावकाश खाऊन झाल्यावर काका म्हणाले, "शून्य." काकूंनी पळी आपटली आणि म्हणाल्या, तुमाले पुण्यालेच धाडतो थांबा.

पुढे माझं लग्न झालं आणि मी हिंगणघाटला आले. पुण्याहून अधूनमधून फोन यायचा. मुलगा एकच विचारायचा, बाबा शून्य म्हणतात ना? मी नालवाडीला फोन लावायची, काका माझं गाव विचारायचे, शून्य म्हणायचे, मग रेडिओचं सांगायचे. मी पुण्याला कळवायची की म्हणतात. फोनवर मिक्सरचा आवाजही ऐकू यायचा.

यंदा मला वायरी मिळाल्या. किती वेळा मागवल्या आणि किती परत केल्या ते माझ्या नवऱ्याला विचारा. तो म्हणतो, चुंबक घेऊन पार्सल उघडणारी बायको त्याच्याच नशिबी. पण या शेवटच्या खऱ्या निघाल्या. मऊ, चुंबकाला न चिकटणाऱ्या, इस्त्री टेकवली तरी डाग न पडणाऱ्या. मी त्या गुंडाळल्या नाहीत. पिशवीत सैल सोडून बसनं वर्ध्याला घेऊन गेले. पोहोचेपर्यंत जीव नुसता उतावीळ झाला होता.

काका टेबलाशीच होते, बारीक झालेले. जुन्या वायरींची आवरणं मानेपाशी फाटून वर चिकटपट्टी लावलेली. मी नव्या पुढे ठेवल्या. त्यांनी त्या बोटांतून ओढून बघितल्या, ड्रॉवरमधून चुंबक काढून लावला, मीटरला जोडल्या आणि लाल सुई काळ्या सुईला टेकवली. मीटरकडे बघून मान हलवली. "शून्य," म्हणाले. मला रडूच आलं, इतका आनंद झाला. मग ते माझ्याकडे वळले.

"तू कोणत्या गावची व?"

"वडनेरची, काका."

मी थांबले. ते माझ्याकडे बघत होते, छताकडे नाही. डोळ्यांत ती खोडी नव्हती. पुढचा प्रश्न त्यांच्याकडे नव्हताच; त्यांना खरोखरच ते जाणून घ्यायचं होतं. 'हेच खरे प्रश्न आहेत,' हे डॉक्टरांचं वाक्य मला तेव्हा आठवलं.

"शून्य," स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. चांगला मोठा, खणखणीत.

काकांनी समाधानानं मान हलवली, नव्या वायरी गळ्यात घातल्या आणि टेबलाकडे वळले.

मी आत गेले. काकू पोळ्या लाटत होत्या. केव्हापासून, मी विचारलं. पावसाळ्यापासून, त्या म्हणाल्या. म्हणूनच तेव्हापासून माझे फोन त्याच उचलत होत्या. आधी हळू म्हटलं तरी चालत होतं, आता मोठ्यानं म्हणावं लागते. दूधवालाही म्हणून देतो कधी कधी. नाव विसरतात, पण टेबलावरचं काही विसरत नाहीत. कोणता पार्ट कोणत्या डबीत, हात बरोबर तिथंच जातो. मग लाटणं बाजूला ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

"तू पुण्याले सांगशीन. सांगजो, मी नको नाई म्हणत. माह्या तोंडचा शब्द हाय तो. फक्त थे टेबल तिथं बसत नाई, एवढं बी सांगजो."

परत जाताना बसमध्ये मी फोन हातात धरून बसले होते. काय सांगावं ते ठरत नव्हतं. घरी पोहोचले तोवर त्याचाच फोन आला. आईनं कळवलं होतं की मी येऊन गेले. नेहमीसारखंच त्यानं विचारलं, "बाबा शून्य म्हणतात ना, ताई?"

मीटर वायर सांगेल तेच दाखवणार. मी सगळं सांगितलं. की प्रश्न बाबा विचारतात आणि शून्य आई म्हणते, आत पोळ्या लाटता लाटता. टेबलाचंही सांगितलं, आणि डब्यांचंही. पलीकडून त्याच्या मुलाचा खेळण्याचा आवाज येत होता.

"आई म्हणते ना?" तो म्हणाला. "मंग राहू द्या तिथंच. मीच तिकडं येऊन राहायचं पाहतो. घरून काम करायचं साहेबाले विचारतो."

तो फोन ठेवेल असं वाटलं, पण त्यानं ठेवला नाही. जरा खाकरून त्यानं विचारलं, "अन् आईचा डावा गुडघा कसा हाय?"

"शून्य," मी म्हटलं, आणि मग त्याला गुडघ्याचं सगळं सांगितलं.